घराला गडद राखाडी द्यावा की बदामी?

दारव्ह्याहून दिग्रसकडे येताना रस्त्याच्या कडेची नवी घरं बघत या, दर गावात एखाद-दुसरं घर तरी आता गडद राखाडी नाहीतर काळपट निळ्या रंगाचं दिसतंच. खिडक्यांना पांढरी पट्टी, वर स्टीलचं रेलिंग, आणि खरं सांगतो, असं घर दिसायला भारीच दिसतं. आमच्या घराला या दिवाळीआधी रंग द्यायचा हे अक्षय तृतीयेलाच पक्कं झालं, कारण लहान भावाचं लग्न ठरलं आणि लग्नघराला रंग नाही असं इकडे चालतच नाही. भावानं मोबाईलमध्ये फोटो साठवून ठेवले होते, त्याला हवा होता स्लेट ग्रे, निळसर झाक असलेला, एकदम गडद. आईला बदामी. बाबा म्हणाले तुम्ही काय ते ठरवा, मले फक्त खर्च सांगा. बायको आधी भावाच्या बाजूनं होती, मग आईच्या बाजूनं आली, त्याचं कारण पुढं येईलच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऊन लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीला फिका बदामी, आणि गडद रंग सावलीत. आता का ते जरा सविस्तर लिहितो, कारण गावात पुष्कळ जण याच पेचात आहेत आणि दुकानात कोणाला एवढा वेळ नसतो, तिथं शेड कार्ड हातात येतं आणि पाठीमागं दुसरं गिऱ्हाईक उभं असतं.

पहिले ऊन कुठून येतं ते बघा. यवतमाळ, वर्धा, अमरावती हा आपला सगळा पट्टा साधारण २० ते २१ अक्षांशावर येतो, म्हणून मे महिन्याच्या २० तारखेनंतर एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही, शून्य सावली दिवस म्हणतात तो. त्यानंतर जुलैपर्यंत दुपारचा सूर्य उलट थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन फार कमी लागतं, सज्जा असला तर जवळपास नाहीच. तिला ऊन लागतं हिवाळ्यात, तिरपं, आणि तेव्हा ते हवंच असतं. पूर्वेची भिंत सकाळी तापते पण ती रात्रभर निवालेली असते आणि सकाळची हवाही त्यातल्या त्यात बरी असते. खरा मार बसतो पश्चिमेच्या भिंतीला. दुपारी ३ वाजता बाहेर ४४-४५, नागपूरला तर २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ ची नोंद झाली होती, आणि अशा हवेत वरून तिरपं ऊन थेट भिंतीवर पार दिवस मावळेपर्यंत.

आमची भिंत ९ इंची विटेची. विटेची भिंत ऊन पिते आणि लगेच आत सोडत नाही, काही तास धरून ठेवते, त्यामुळे दुपारी चार-पाचला बाहेरून लागलेलं ऊन आतल्या खोलीत जाणवतं ते रात्री दहा-अकराला, नेमकं झोपायच्या वेळी. आमच्या पश्चिमेच्या खोलीत उन्हाळ्यात कुलर लावूनही भिंतीकडची बाज कोणालाच नको असते. लाईन गेली की मग सगळे अंगणात. तर ज्या भिंतीचं आधीच असं आहे तिला ऊन जास्त पिणारा रंग द्यायचा का, हा खरा प्रश्न, आवड-निवड त्याच्या नंतरची गोष्ट आहे.

रंगाच्या कंपन्या शेडचं एक माप देतात, एलआरव्ही म्हणतात त्याला. ० म्हणजे काहीच उजेड परत न फेकणारा काळा आणि १०० म्हणजे सगळाच परत फेकणारा पांढरा. गडद स्लेट ग्रे १० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो, फिके बदामी आणि क्रीम साधारण ६० ते ७५ मध्ये. म्हणजे एक शेड उजेडाचा दहावा हिस्सा परत पाठवते, दुसरी दोन तृतीयांश. हे माप फक्त डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं आहे हे लक्षात ठेवायला पाहिजे, कारण उन्हातली जवळपास अर्धी ताकद डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते आणि तिचा हिशेब यात धरलेला नाही. पण आपण जे साधे एक्सटिरिअर इमल्शन वापरतो त्यात दिशा तीच राहते, फिका रंग कमी तापतो, गडद जास्त. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं बेरियम सल्फेट वापरून असा पांढरा रंग बनवला की तो ९८.१ टक्के ऊन परत फेकतो. रंगानं किती फरक पडू शकतो याचं ते टोक झालं.

भावाचं म्हणणं होतं की निळसर शेड डोळ्याला थंड वाटते, मग घरपण थंड वाटंल. डोळ्याला थंड वाटते हे खरं आहे, मी नाकारत नाही, उन्हातून आल्यावर असा रंग बघून बरं वाटतं. पण भिंतीवर पडणाऱ्या उन्हाला शेड कूल आहे की वॉर्म याच्याशी घेणंदेणं नाही, ती गडद आहे की फिकी एवढंच त्याला कळतं.

बोलून वाद मिटत नव्हता म्हणून मे महिन्यातच दोन्ही शेडचे सगळ्यात लहान डबे आणले आणि पश्चिमेच्या भिंतीवर शेजारी-शेजारी ३ बाय ३ फुटांचे चौकोन मारले, खाली प्रायमर, वर दोन-दोन हात. दुपारी चारच्या पुढं हात लावून बघितलं. बदामी चौकोनावर तळहात ठेवता येत होता, गरम होता पण ठेवता येत होता. गडद चौकोनावर ठेवला की लगेच उचलावा लागायचा. आई न्हाणीकडून आली, तिनंही दोन्हीकडं हात लावून बघितला, आणि पदराला हात पुसत भावाला म्हणाली, "काऊन रे बापू, हे त भाजते ना. भितीले डांबर लावून रायला काय तू?" आणि रात्री जेवणं झाल्यावरही फरक गेला नव्हता, डोळे मिटून भिंतीवरून हात फिरवला तरी गडद चौकोन कुठं सुरू होतो ते बोटांना कळायचं. बायकोनं ते रात्रीचंच करून बघितलं आणि बाजू बदलली, कारण त्या भिंतीच्या आतल्या अंगाला लेकरं झोपतात.

एक गोष्ट इथंच सांगतो, नाहीतर कोणी म्हणंल रंगानंच घर थंड होतं. तसं नाही. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो म्हणजे सगळ्यात जास्त ऊन भिंतीला नाही तर स्लॅबला लागतं, म्हणून आधी स्लॅबवर चुना किंवा पांढरा रंग, मग भिंतीचा विचार. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेसाठी शहराचा आराखडा केला आणि पुढं छतं पांढरी करायचं काम हाती घेतलं, शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छताचं पाच वर्षांचं धोरणच आणलं. आपल्याकडं होळी झाली की स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारायला तेवढा खर्चही येत नाही. आणि पश्चिमेच्या भिंतीसमोर एखादं कडुलिंबाचं झाड असलं तर कुठल्याही रंगापेक्षा ते भारी, आमच्याकडं ती बाजू रस्त्याची आहे म्हणून जमलं नाही.

जुन्या लोकांना हे एलआरव्ही वगैरे माहीत नव्हतं पण त्यांच्या भिंती बघा कोणत्या रंगाच्या होत्या. कवेलूचं घर असो की धाब्याचं, दसरा-दिवाळीच्या आधी पांढऱ्या मातीचा पोतारा, ज्याच्याकडं चार पैसे आले त्याच्याकडं चुना. आजी चुन्याचे खडे टाकीत विझवायला टाकायची तेव्हा पाणी खदखदायचं आणि आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही, मग त्यात थोडा डिंक, थोडी नीळ. नीळ टाकली की पिवळटपणा जातो आणि पांढरा डोळ्यात भरतो. चुना भिंतीवर बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगडासारखा कडक होतो, आणि भिंतीतली ओलही त्यातून बाहेर निघून जाते, पोपडे धरत नाहीत. सेवाग्रामला बापू कुटी ज्यांनी बघितली असेल त्यांना त्या भिंती आठवत असतील, मातीच्याच, मीराबेननं उठावात काढलेली ताडाची झाडं, आणि रंग म्हणाल तर तोच मातकट फिका. मे महिन्यात आत जाऊन बसा, भिंत अंगावर येत नाही.

तर बदामी हा काही आईचा जुनाट हट्ट नाही, त्याच्यामागं या मुलखाचा अनुभव आहे. पण बदामी म्हणलं की झालं असंही नाही, कारण बदामीतच एवढ्या शेड आहेत की खरी मेहनत तिथं लागली. काही बदामी गुलाबीकडं झुकतात, काही पिवळ्याकडं, काही हिरवटाकडं, आणि कार्डावर एकेकट्या बघितल्या तर हे कळतच नाही, शेजारी-शेजारी धरल्या तरच कळतं. आमच्या मागच्या सपरीवर अजून कवेलू आहेत, त्या लालसर रंगाशेजारी गुलाबी झाकेचा बदामी अगदीच मळका वाटत होता, पिवळ्या झाकेचा बसला. दुसरं, कार्डावर जी शेड आवडते ती बाहेर उन्हात कितीतरी फिकी दिसते. आमचा पहिला बदामी दुपारी बाराला पांढराफटक, त्याचा रंग दिसायचाच नाही, फक्त संध्याकाळी पाचनंतर बदामी वाटायचा. म्हणून कार्डावर एक घर खाली, म्हणजे थोडी गडद शेड घेतली, तरी एलआरव्ही ६० च्या वरच राहिला. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर आणि पाऊस पडून भिंत ओली असताना, एवढ्या वेळा बघितल्याशिवाय शेड पक्की करू नका. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होतं, त्यामुळे ओल्या हातावरून तर ठरवूच नका.

चौकोन मेमध्ये मारलेले असल्यामुळे त्यांच्यावरून पूर्ण पावसाळाही गेला, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथं झाली. गडद चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात पांढुरके डाग उमटले. भिंतीतली ओल बाहेर येताना विटेतले-सिमेंटमधले क्षार सोबत आणते आणि वरून पाणी उडून गेलं की क्षार तिथंच राहतात, खार फुटला म्हणतो आपण. तो बदामीवरपण फुटला असणार, भिंत तर एकच आहे, पण बदामीवर तो दिसला नाही. असंच धुळीचं. रस्त्यावरून कापसाच्या, सोयाबीनच्या गाड्या जातात, आपली धूळ वाळली की राखी-मातकट होते, गडदवर ती लगेच दिसते, बदामीवर बसलेली कळत नाही. ओरखड्याचंही तसंच, सायकल टेकवली, बैलानं शिंग घासलं की गडद भिंतीवर पांढरी रेघ. आणि डागडुजी करायला गेलं तर गडदवर नवा हात आणि जुना हात वेगवेगळे दिसतात, पूर्ण भिंत मारल्याशिवाय ते जात नाही.

बदामीची बाजू घेतो आहे म्हणून त्याचे दोष लपवणार नाही. फिक्या भिंतीवर सज्जाच्या कोपऱ्यातून पाण्याचे काळे ओघळ येतात ते फार वाईट दिसतात. ती नुसती धूळ नसते, ओल राहते तिथं शेवाळ आणि बुरशी धरते तिचा तो काळा रंग. त्यावर रंग बदलून उपाय होत नाही. सज्जाच्या खालच्या काठाला प्लास्टर करतानाच बोटभर खाच ठेवायला पाहिजे, म्हणजे पाणी तिथंच थेंब-थेंब तुटून खाली पडतं, भिंतीकडं सरकत नाही. आमच्या जुन्या सज्जांना ती खाच नव्हती, या वेळी मिस्त्रीकडून मारून घेतली. आणि जुनी शेवाळ असलेली भिंत ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं घासून, धुऊन, पूर्ण वाळवूनच रंगवायची, नाहीतर नव्या रंगाच्या खालून ती परत डोकं काढते. केसाएवढ्या भेगासुद्धा फिक्या भिंतीवर काळ्या रेघेसारख्या दिसतात, त्या आधी भरून घ्याव्या लागतात.

रंग टिकण्याचंही बोलू. बदामी, क्रीम या शेड पांढऱ्या बेसमध्ये थोडासा पिवळा ऑक्साइड, थोडा लाल, थेंबभर काळा टाकून बनतात. पिवळा आणि लाल ऑक्साइड म्हणजे लोहाचेच ऑक्साइड, आपला गेरू ज्याच्यामुळं लाल आहे तेच. उन्हानं ते सहजी उडत नाहीत. गडद शेडचा बेस वेगळा असतो, त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड कमी आणि रंगद्रव्य भरपूर टाकावं लागतं, म्हणून लिटरमागं गडद शेड महागही पडते. ऊन-पावसात काही वर्षं गेली की कुठल्याही रंगाचा वरचा थर हळूहळू भुकटी होऊन सुटायला लागतो, हात लावला की बोटाला लागतो तो, आणि ती भुकटी गडद भिंतीवर पांढुरकी, विटलेली दिसते. घर जुनं वाटायला लागतं. पुन्हा कधी मन बदललं तर फिक्यावरून गडदवर जाणं सोपं आहे, गडदवरून फिक्यावर यायला मात्र जास्तीचे हात आणि जास्तीचा खर्च. ज्यांचं ठरतच नाही त्यांनी निदान एवढ्यासाठी तरी फिक्यापासून सुरुवात करावी.

आता भावाचा स्लेट ग्रे. तो मला मनापासून आवडतो आणि त्याला घरात जागा द्यायचीच होती. लग्न त्याचं आहे, घर त्याचंही आहे.

एक जागा आपल्या मातीनंच सांगितली. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि पहिल्या जोरदार पावसात सज्जावरून पडणाऱ्या धारेनं ती भिंतीवर उडते. तो चिखल दोन-अडीच फुटांपर्यंत चढतो आणि वाळला की ब्रशनं घासूनही पूर्ण जात नाही. म्हणूनच तर बाया पोतारा झाला की खाली गेरूचा पट्टा ओढायच्या. तर आमच्या घराला जमिनीपासून जोत्यापर्यंत स्लेट ग्रेचा पट्टा, चारही बाजूंनी. आमचं जोतं चांगलं अडीच फूट उंच आहे, पट्ट्याच्या मागं खोली नाही, मुरमाचा भराव आहे, त्यामुळे तो तापला तरी झोपायच्या खोलीत त्याचा त्रास येत नाही. वर बदामी आणि खाली गडद असं झाल्यावर घर जमिनीत पक्कं बसल्यासारखं दिसतं, पूर्ण बदामी असतं तर तेवढं उठून दिसलं नसतं हे मी मान्य करतो.

दुसरी जागा ओसरीची आतली भिंत. घर पूर्वमुखी, ओसरी खोल, वर स्लॅब, पाण्याचा मारा नाही, आतपर्यंत ऊन येतं ते फक्त सकाळी थोडा वेळ खालच्या बाजूला. ही भिंत पूर्ण स्लेट ग्रे. इथं त्या रंगाची खरी मजा कळते, बाहेरच्या झगझगीत उन्हातून ओसरीत पाय ठेवला की डोळे निवतात, भाऊ म्हणत होता ते इथं शंभर टक्के खरं ठरलं. आईला काळजी होती की तुरीची डाळ, गहू निवडायला उजेड कमी पडंल. पण ओसरीचा उजेड समोरच्या उघड्या बाजूनं येतो, मागच्या भिंतीवर अवलंबून नाही, ती सूप घेऊन बसून बघून आली आणि म्हणाली, "दिसते रे बरोबर. रायू दे." आणि इकडे लग्नात दाराच्या बाजूला पेंटरकडून नवरा-नवरीची नावं, कलश, केळीची झाडं काढून घेतात ना, ते या गडद भिंतीवर पांढऱ्या आणि पिवळ्यात इतकं खुलणार आहे की त्यासाठी पेंटर स्वतःच खूश झाला, म्हणे पांढऱ्या भिंतीवर आम्ही आधी बॉर्डर मारतो तेव्हा कुठं अक्षर उठतं.

खोल्यांच्या आत मात्र मी कोणाचंच ऐकलं नाही, सगळीकडं फिकं. गावातल्या घरांच्या खिडक्या लहान, त्यात पश्चिमेची खिडकी उन्हाळाभर बंद, वर लाईनचा भरवसा नाही. आतली भिंत गडद केली तर भर दिवसा बल्ब लावावा लागतो. इथं एक बघून घ्या, आपल्याकडं बहुतेक घरात पांढऱ्याशुभ्र उजेडाचे एलईडी बल्ब असतात, डब्यावर ६५०० के लिहिलेलं असतं ते. त्या उजेडात काही बदामी शेड आजारी, हिरवट दिसतात. २७०० किंवा ३००० के लिहिलेल्या पिवळसर बल्बमध्ये त्याच शेड छान दिसतात. तर आतल्या खोलीची शेड रात्री, आपल्या घरी जो बल्ब आहे त्याच्याच उजेडात बघायची, दुकानातल्या ट्यूबखाली नाही.

काम चालू करताना पेंटरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. तापलेल्या भिंतीवर रंग मारू नये, रोलर फिरायच्या आत तो वाळतो आणि पट्टे दिसतात, म्हणून पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर. आणि जिथं नवं प्लास्टर झालंय तिथं घाई नको, पाणी मारून, मग वाळवून, साधारण महिना जाऊ द्यावा, कारण नव्या सिमेंटचा क्षार रंग खाऊन टाकतो. आमच्या मागच्या खोलीचं प्लास्टर नवं होतं म्हणून तिचा नंबर सगळ्यात शेवटी ठेवला. बाबा दोन-तीनदा म्हणाले की एकदमच उरकून टाका, पेंटर परत कुठून सापडंल, तरी थांबलो.

प्रत्येक शेडचा नंबर, बेस आणि मशीनवर मिसळल्याची तारीख डब्यावरच्या स्टिकरवर असते. डबे लग्नाच्या गडबडीत कोण कुठं टाकंल सांगता येत नाही, म्हणून तिन्ही शेडचे नंबर मी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून मार्करनं लिहून ठेवले आहेत, आणि प्रत्येकाचा अर्धा-अर्धा लिटर घट्ट झाकण लावून सपरीत, उन्हापासून दूर. मंडपवाल्याच्या बांबूनं भिंत खरचटली तर तो कामी येईल. कंपाउंडच्या गेटचा रंग तेवढा अजून ठरायचा आहे, भाऊ म्हणतो स्लेट ग्रे, आई म्हणते हिरवा, आणि लोखंडाला आधी रेड ऑक्साइड मारून झालाय त्यामुळे सध्या ते तांबडं आहे. मला विचाराल तर भावाचं ऐकावं, गेटच्या पलीकडं कोणी झोपत नाही.